ताऱ्यांच्या तेजाचें मोजमाप

सूर्य आणि नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणारा तारा यांच्या तेजांत सुमारें १२ लाख कोटी पटींचा फरक आहे. हत्ती आणि मुंगी यांना एकाच तराजूंत तोलण्याचें कामहि यापुढें सोपें म्हणावें लागेल. इतकीं विषम तेजें एकाच मापांत कशीं बसविलीं गेलीं, हा इतिहास मोठा बोधप्रद आहे.

ताऱ्यांची तेजावरून वर्गवारी फार प्राचीन आहे. इ. स. च्या दुसऱ्या शतकांत अलेक्झांड्रिया येथील टॉलेमीनें हजाराहून अधिक ताऱ्यांची यादी करून त्यांच्या सहा प्रती ठरविल्या. अत्यंत तेजस्वी तारे पहिल्या प्रतीचे, कसेबसे दिसणारे सहाव्या प्रतीचे. ही पद्धति त्यापूर्वींच हिपार्कसनें घातली, असें परंपरा सांगते. आंकडा वाढला कीं तेज कमी, हा उलटा क्रम आजहि चालू आहे.

सतराव्या शतकांत दुर्बीण आली आणि हा हिशेब विसकटला. सहाव्या प्रतीच्या खालचे असंख्य तारे दिसूं लागले आणि प्रत्येक निरीक्षक त्यांना आपल्या अंदाजानें प्रत देऊं लागला. एकाची दहावी प्रत ती दुसऱ्याची बारावी. यांत केवळ गैरसोय नव्हती. कांहीं ताऱ्यांचें तेज कमीजास्त होत असतें. असा एखादा तारा दोन निरीक्षकांना निराळा दिसला, तर पालट ताऱ्यांत झाला कीं मापांत, हें सांगावें कोणी?

जॉन हर्शेल यानें इ. स. १८३४ ते १८३८ या काळांत आफ्रिकेच्या दक्षिण टोंकास राहून एक युक्ति योजिली. चंद्राचें भिंगांतून पडलेलें बारीक प्रतिबिंब जवळ वा दूर सरकवून तें ताऱ्याइतकें तेजस्वी दिसेल असें करावयाचें आणि त्या अंतरावरून तेज काढावयाचें. अशा प्रयोगांतून दिसून आलें कीं, पहिल्या प्रतीचा तारा सहाव्या प्रतीच्या ताऱ्याच्या सुमारें १०० पट तेजस्वी असतो. म्हणजे डोळा तेजांतील वजाबाकी पाहात नाहीं, पट पाहतो. अंधाऱ्या खोलींत एक समई लावली तर केवढा उजेड वाटतो! परंतु शंभर समया तेवत असतां आणखी एक लावली, तर ती ध्यानांतहि येत नाहीं. फेशनर या जर्मन पंडितानें इ. स. १८६० मध्यें या अनुभवास नियमाचें रूप दिलें.

तत्पूर्वीं, इ. स. १८५६ मध्यें, ऑक्सफर्ड येथील नॉर्मन पॉग्सन हा लघुग्रहांच्या तेजाचें गणित करीत होता. एका प्रतींत किती पट फरक मानावा, याविषयीं निरनिराळ्या निरीक्षकांचे आंकडे अडीचाच्या आसपास होते. पॉग्सननें २·५१२ हा आंकडा सुचविला. कारण साधें होतें: त्याचा पंचघात १०० होतो आणि त्याचा लॉगॅरिथम ०·४ येतो. हा निसर्गाचा नियम नव्हे. हा एक करार होता. परंतु त्यांत मोठें शहाणपण होतें. जुन्या प्रती मोडल्या नाहींत, त्यामुळें शतकानुशतकांचीं निरीक्षणें वांया गेलीं नाहींत. शिवाय पांच प्रतींचा फरक म्हणजे १०० पट, दहांचा १०,००० पट, पंधरांचा १० लक्ष पट, असा हिशेब तोंडीं करतां येऊं लागला.

हाच पॉग्सन इ. स. १८६१ मध्यें मद्रास वेधशाळेचा प्रमुख होऊन आला आणि इ. स. १८९१ मध्यें तेथेंच निवर्तला. तेथील त्याचे सहकारी चिंतामणी रघुनाथाचार्य यांनीं इ. स. १८६७ मध्यें दक्षिण आकाशांतील रेटिक्युलम या समूहांतील एका ताऱ्याचें तेज पालटतें, हें शोधून काढलें. असा शोध इतर देशांतील निरीक्षकांना पडताळतां यावा, तर सर्वांचें माप एकच हवें. अमेरिकेंतील हार्वर्ड वेधशाळेनें इ. स. १८८४ मध्यें ४,२६० ताऱ्यांच्या प्रती प्रसिद्ध केल्या, त्या याच मापानें. आणि पुढें तें सर्वमान्य झालें.

आज त्याच मापावर सूर्य उणे २६·७, पूर्णचंद्र उणे १२·७ आणि व्याध उणे १·५ येथें बसतो, तर इ. स. १९९० मध्यें अवकाशांत गेलेल्या हबल दुर्बिणीनें ३१ व्या प्रतीच्या आसपासचीं ज्योतिर्बिंबें टिपलीं आहेत. इ. स. १९३५ मध्यें कॅलिफोर्नियांत रिश्टरनें भूकंपासाठीं असेंच पटींचें माप तयार केलें, तेव्हां त्याचें नांवहि त्यानें ताऱ्यांच्या प्रतीवरूनच घेतलें. सूर्यापासून त्या अंधुक बिंबापर्यंतचें सारें तेज एका दमांत मोजणारें यंत्र नाहीं. एकाशीं दुसरें, दुसऱ्याशीं तिसरें असें ताडीत जावें लागतें; आणि प्रत्येक दुवा पुढच्याशीं जुळतो, तो सर्वांनीं एकच करार पाळिला म्हणून.