वाटाण्याचे पंधरा सेंट

अमेरिकेतल्या बियाणेविक्रेत्यांची जुनी सूचीपत्रे, म्हणजे साधारणपणे १८९० ते १९१२ या काळातली, पाहू लागले म्हणजे एक बारीक टायपातली ओळ वरचेवर डोळ्यांसमोर येते. वाटाणा, घेवडा असल्या दाणेदार बियांच्या किमतींखाली ती छापलेली असते : टपालाने हवे असल्यास दर क्वार्टमागे पंधरा सेंट जादा पाठवावे. त्याच सूचीपत्रात चार पाने उलटून फुलझाडांकडे वळावे, तर तिथे ही ओळ नाही. तिथे पाच सेंटांचे पाकीट पाच सेंटांनाच घरपोच मिळते. गिऱ्हाईक शेजारच्या गल्लीत राहो की पॅसिफिक महासागराच्या काठी, त्याला पैसाही अधिक पडत नाही.

एकाच दुकानदाराचे हे दोन न्याय का? दुकानदार लबाड म्हणून की काय? आपण वाटाण्याचाच हिशेब करून पाहू. अमेरिकेत वाटाण्याचा एक बुशेल ६० पौंडांचा धरतात. बुशेलाचे क्वार्ट होतात ३२. म्हणजे एका क्वार्टचे वजन ३० औंस. १८८८ साली झालेल्या कायद्याने बियांचे टपालहशील दर दोन औंसांना एक सेंट असे ठरले होते. तीस औंसांचे पंधरा सेंट झाले. विक्रेत्याने वर एक सेंटही घेतलेला नाही, उलट पिशवीचे वजन मुकाट्याने आपल्या अंगावर घेतले आहे. इतका सरळ हिशेब सूचीपत्रात पाहिला म्हणजे गणित शिकवणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला बरे वाटते.

पेटुनियाची गोष्ट निराळी. तिचे बी इतके बारीक, की औंसभरात, म्हणजे सुमारे अडीच तोळ्यांत, दोन लाखांहून अधिक दाणे मावतात. पाकिटात चिमूटभर बी घातले की बियांपेक्षा कागदच जड. अशी दहा पाकिटे एकत्र बांधली तरी सेंट-दोन सेंटांच्या तिकिटावर निघतात, आणि त्यांची किंमत येते पन्नास सेंट. तेव्हा ‘टपालहशील आमच्याकडे’ असे म्हणण्याचे औदार्य विक्रेत्याला परवडत होते. वाटाण्याच्या बाबतीत ते परवडत नव्हते. औदार्याला वजनाची मर्यादा असते, एवढाच त्याचा अर्थ.

परंतु हे परवडण्याजोगे होण्यापूर्वी टपालखात्याला आपली एक जुनी खोड सोडावी लागली होती. १८४५ पर्यंत अमेरिकेत पत्राचे हशील अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर घेत. एका कागदाचे साधे पत्र तीस मैलांच्या आत सहा सेंटांना जाई, पण चारशे मैलांपलीकडे त्यालाच पंचवीस सेंट पडत. अशा काळात टपालाने बी मागवण्याचा विचार कोण करणार? त्या वेळी बी गाडीतून येई. न्यू लेबनन येथील शेकर पंथाचे लोक, हे ब्रह्मचर्य पाळून सामुदायिक शेती करणारे धार्मिक लोक होते, बियांची छापील पाकिटे लाकडी पेट्यांत रचून गावोगावच्या वाण्यांकडे ठेवीत आणि हंगाम संपल्यावर विकले असेल त्याचे पैसे व उरलेला माल घेऊन जात. पद्धत भल्या माणसांची होती. पण पुढे ती इतरांनी उचलली तेव्हा उरलेले बी पुढच्या वर्षी नव्या पाकिटात फिरून येऊ लागले, अशी तक्रार कायमची झाली. उगवले नाही की वाणी व्यापाऱ्याकडे बोट दाखवी आणि व्यापारी पावसाकडे.

१८४५ नंतर पत्रांचे दर उतरू लागले. १८६१ च्या कायद्याने आठ औंसांपर्यंतच्या बियांना टपालाच्या थैलीत रीतसर जागा दिली. मात्र पंधराशे मैलांच्या आत औंसाला एक सेंट आणि त्यापुढे दोन सेंट. म्हणजे कॅलिफोर्नियात जाऊन वसलेल्या माणसाने आपल्या जुन्या गावचे बी मागवले तर त्याला दुप्पट भुर्दंड. दोनच वर्षांनी, १८६३ च्या कायद्याने, देशांतर्गत टपालात अंतराचा हा हिशेब पुसून टाकला. लंडनमध्ये रोलंड हिलने जो विचार १८४० च्या पेनी टपालात अमलात आणला होता, तोच हा. पत्र एकदा थैलीत पडले की ते दहा मैल गेले काय आणि हजार मैल गेले काय, खरा खर्च ते गोळा करण्याचा आणि वाटण्याचा.

या सुधारणेचा फायदा ज्यांनी सर्वांत आधी ओळखला त्यांत रॉचेस्टरचा जेम्स व्हिक हा एक होता. हा गृहस्थ जन्माने इंग्रज. अमेरिकेत येऊन छापखान्यात खिळे जुळवता जुळवता तो ‘जेनेसी फार्मर’ या शेतीविषयक मासिकाचा संपादक झाला आणि तिथून बियाण्यांच्या धंद्यात शिरला. छपाई आणि टपाल या दोन्ही गोष्टी ज्याला आतून ठाऊक आहेत अशा माणसाने दुकानाच्या फळीऐवजी सूचीपत्र मांडावे, यात नवल नाही. टपालहशील किमतीतच धरून पाकीट विकण्याची चाल व्हिकसारख्यांनी रूढ केली.

आता ‘धरून’ या शब्दाकडे जरा बघू. हशील माफ झालेले नसते, ते पाकिटाच्या पाच सेंटांत शिरलेले असते. मग रॉचेस्टरमधलाच एखादा माणूस दुकानात पायी जाऊन तेच पाकीट पाच सेंटांना घेऊन आला, तर न लागलेले हशीलही त्याने भरले, असेच म्हटले पाहिजे. ते कोणासाठी भरले? कान्ससच्या माळरानावर मातीच्या घरात राहणाऱ्या, जवळचे दुकान दिवसभराच्या वाटेवर असलेल्या कुणा शेतकरणीसाठी. ह्या दोघांची आयुष्यात कधी गाठ पडायची नव्हती. काटेकोर हिशेबनिसाला हा अन्याय वाटेल. मला विचाराल तर शहरी माणसावर त्याने काही आभाळ कोसळले नाही, आणि माळरानावरच्या अंगणात फुले फुलली.

सगळा भार विक्रेताच उचलत होता असेही नव्हे. १८८३ पासून पत्राला दोन सेंट पडत. ज्या बाईला एकच पाकीट हवे असे तिला ते सात सेंटांना पडले. म्हणून आळीतल्या पाचसात जणींनी मिळून एकच यादी पाठवावी, असे सूचीपत्रेच सुचवीत आणि रक्कम जितकी मोठी तितकी पाकिटे फुकट जोडीत. दुसरी अडचण पैशांची. नाणे पत्रात घातले तर वाटेत बोटे लागायची भीती. टपालातून मनीऑर्डर १८६४ मध्ये सुरू झाली, पण चार आण्यांच्या बियांसाठी मनीऑर्डर कोण करतो? विक्रेते लहान रकमेऐवजी टपालाची तिकिटेच चालवून घेत. मार्बलहेडचा जेम्स ग्रेगरी तर आपल्या जाहिरातीत तीन हमी देई : पाठवलेले पैसे मला पोहोचतील, मागवलेले बी तुम्हांला पोहोचेल, आणि बी ताजे व नावाप्रमाणे असेल. यांतल्या पहिल्या दोन हमी खरे म्हणजे टपालखात्याच्या कामाच्या. त्या एका बियाणेविक्रेत्याने आपल्या शिरावर घेतल्या. वाटेतली जोखीम कोणाची हा प्रश्नही किंमतीचाच भाग असतो, हे त्याने ओळखले होते.

आपल्याकडील वाचकाला इथे वाटेल, की एवढी यातायात कशाला? व्ही. पी. ने मागवावे, पार्सल आले की पोस्टात पैसे मोजावे. मोठी मौज अशी, की ही सोय हिंदुस्थानच्या टपालखात्याने १८७७ च्या डिसेंबरात सुरू केली आणि अमेरिकेच्या टपालखात्याने १ जुलै १९१३ रोजी! पस्तीस वर्षांहून अधिक काळ या एका बाबतीत आपले पोस्ट पुढे होते. मात्र व्ही. पी. लाही किंमत आहेच. गिऱ्हाइकाने पार्सल सोडवले नाही तर ते परत जाते आणि खर्च विक्रेत्याच्या माथी बसतो. तो पुढच्या सूचीपत्रात कुठेतरी, प्रामाणिकपणे पैसे मोजणाऱ्यांच्या आकड्यांत, मिसळतो. अमेरिकेतला गिऱ्हाईक विक्रेत्यावर आधी विश्वास टाकी, आपल्याकडे विक्रेत्याने गिऱ्हाइकावर टाकला, एवढाच फरक.

पाकिटाचे आणखी एक गुपित होते. पाच सेंट ही किंमत वर्षानुवर्षे तीच राही, पण आत बी किती, हे पाकिटावर सहसा नसे. कागद, छपाई, सूचीपत्र, हशील यांपैकी काहीही महाग झाले तरी किंमत हलवायची गरज नाही, चिमूट लहान केली की झाले. मिनियापोलिसच्या कॅरी लिपिनकॉट या बाईंनी १८९० नंतरच्या दशकात आपल्या फुलबियांच्या सूचीपत्रात प्रत्येक पाकिटात किती दाणे आहेत ते छापण्यास सुरुवात केली. धंद्यातल्या पुरुषांना हे रुचले नसावे, पण बाईंचा व्यापार असा वाढला, की काही विक्रेते बायकांची नावे धारण करून सूचीपत्रे काढू लागले. या मिशावाल्या बायकांविषयी बाईंनी पुढे आपल्या सूचीपत्रातच तक्रार केली आहे.

या सगळ्यांच्या व्यापारावर मात्र एका फुकट्या प्रतिस्पर्ध्याची छाया होती, आणि तो प्रतिस्पर्धी म्हणजे खुद्द सरकार. १८३९ साली तिथल्या काँग्रेसने पेटंट कचेरीला एक हजार डॉलर मंजूर केले. शेतीची माहिती गोळा करावी आणि परदेशी वाणांचे बी शेतकऱ्यांना वाटावे, असा त्यामागचा हेतू होता आणि तो उत्तम होता. पुढे हे काम १८६२ मध्ये निघालेल्या शेतीखात्याकडे आले. पण सभासदांच्या एक गोष्ट ध्यानात आली. बी सरकारचे आणि टपाल फुकट, कारण सभासदाच्या सहीलाच तिकिटाची किंमत. तेव्हा मतदारांना खूश करण्याचा याहून स्वस्त उपाय नाही. मग दुर्मिळ वाण बाजूला राहिले आणि कोणत्याही दुकानात मिळणाऱ्या मुळा-कोबीची कोट्यवधी पाकिटे दरसाल घरोघर जाऊ लागली. बियाणेविक्रेत्यांनी १८८३ मध्ये आपला संघ स्थापन केला. या वाटपाविरुद्ध तो वर्षानुवर्षे झगडला. १८९३ मध्ये शेतीमंत्री झालेला स्टर्लिंग मॉर्टन, वृक्षारोपणाचा दिवस प्रथम पाळायला लावणारा तो हाच, याने ही उधळपट्टी थांबवण्याचा चंग बांधला. काँग्रेसने त्याला दाद दिली नाही. मॉर्टन गेला, पाकिटे चालूच राहिली आणि १९२४ मध्ये ती एकदाची थांबली. त्या पाकिटांवर किंमत छापलेली नसे. ती भरली गेली करातून.

राहिला वाटाणा. चार पौंडांपेक्षा जड पुडके टपालात घेत नसत. ज्याला शेतापुरते बी हवे त्याने खाजगी एक्सप्रेस कंपन्यांकडे जावे, त्या मागतील तो दर द्यावा आणि माल रेल्वेच्या ठाण्यावरून स्वतः न्यावा. सरकारी पार्सल टपालाची मागणी वर्षानुवर्षे होत होती. पोस्टमास्तर जनरल वॉनामेकर तिच्या बाजूचा होता. पण न्यूयॉर्कचा सिनेटर टॉमस प्लॅट हा एका मोठ्या एक्सप्रेस कंपनीचा अध्यक्षही होता, हे सांगितले म्हणजे विलंबाचे निदान ज्याचे त्याला करता येईल. १८९६ पासून खेड्यांत घरपोच टपाल जाऊ लागले. पोस्टमन दारात येतो पण पाच पौंडांचे पुडके आणू शकत नाही, हा विनोद शेतकऱ्यांना रोज दिसू लागला. अखेर १ जानेवारी १९१३ रोजी पार्सल टपाल सुरू झाले. शेतकऱ्यांच्या लांबलेल्या मागणीचा तो विजय होता, यात शंका नाही.

परंतु त्या विजयाबरोबर पन्नास वर्षांपूर्वी पुसलेले अंतर परत आले. नव्या व्यवस्थेत देशाचे, पाठवणाऱ्याच्या ठिकाणापासून मोजून, आठ पट्टे पाडले आणि जितका पट्टा दूर तितका दर चढा ठेवला. बियांना पहिले वर्षभर जुना दर होता. १९१४ मध्ये आठ औंसांपुढचे बीही या पट्ट्यांत आले. आठ औंसांच्या आत मात्र दोन औंसांना एक सेंट हाच दर राहिला, त्यामुळे पेटुनियाला कोणी हात लावला नाही. वाटाण्याचा क्वार्ट पिशवीसकट दोन पौंडांत बसतो. दीडशे मैलांच्या आत पहिल्या पौंडाला पाच आणि पुढच्याला एक, असे सहा सेंट झाले. अठराशे मैलांपलीकडे पौंडाला बारा, म्हणजे चोवीस. आधी दोघांनाही पंधरा पडत होते.

सूचीपत्रांतली ती बारीक ओळ मग गेली. तिच्या जागी पट्ट्यांचा आणि पौंडांचा तक्ता आला, आणि आपण कोणत्या पट्ट्यात मोडतो ते गिऱ्हाइकाने आपल्या गावच्या पोस्टमास्तराला विचारून घ्यावे, अशी सूचना त्याखाली आली.