कपटे जोडणारा माणूस

लहानपणी मी एसटीची तिकिटं, पेपरमिंटच्या गोळ्यांचे कागद वहीत खळीनं चिकटवत असे. आई म्हणायची, "केर साठवतोस!" पुढे कुर्ट श्विटर्सची चित्रं पाहिली आणि ती वही आठवली.

हा जर्मनीतल्या हॅनोवरचा. पहिल्या महायुद्धानं सगळंच मोडून पडलेलं. यानं ट्रामची तिकिटं, वेष्टनं, चिंध्या उचलल्या आणि चित्रांत डकवल्या. १९१९ मध्ये एका बँकेच्या जाहिरातीतला 'कोमेर्झ' शब्द कापला. उरलेला 'मेर्झ' हा तुकडाच आपल्या कलेचं नाव म्हणून घेतला. अर्थ काहीच नाही!

१९३७ च्या जानेवारीत तो नॉर्वेला निघून गेला. त्याच वर्षी नाझींनी म्युनिकमध्ये 'अधःपतित कला' म्हणून त्याची चित्रं टांगली. १९४० मध्ये नॉर्वेही जर्मनांच्या हाती गेल्यावर तो ब्रिटनला पोचला, तर तिथे जर्मन म्हणून आइल ऑफ मॅनच्या छावणीत कोंडला गेला. साहित्य मिळेना, तर त्यानं चक्क लापशीच्या मूर्ती केल्या. (त्यांना बुरशी आली, घाणही सुटली.)

सुटल्यावर त्याच्या चित्रांत इंग्रजी बसची तिकिटं आली. हॅनोवरचं घर १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात गेलं. ७ जानेवारी १९४८ ला ब्रिटिश नागरिकत्व मंजूर झाल्याची बातमी त्याला मिळाली. दुसऱ्या दिवशी तो गेला.