देवगावच्या तहानंतरचे एकाकी नागपूर

काटोलच्या जाम नदीचे पाणी पश्चिमेला वर्धेस मिळते. वर्धेपलीकडे वऱ्हाड. आज ही जिल्ह्याची हद्द आहे. १८०३ मध्ये ती राज्याची सरहद्द झाली. नागपूरकर भोसल्यांचा इतिहास काटोलात बसून वाचताना मला एक प्रश्न नेहमी पडतो : कटकपर्यंत अंमल असलेले हे राज्य एका युद्धानंतर इतके एकटे का पडले?

असई, आडगाव आणि गाविलगड येथील पराभवांनंतर १७ डिसेंबर १८०३ रोजी दुसऱ्या रघूजींनी देवगावचा तह केला. कटक व बालासोर कंपनीकडे गेले, वर्धेपलीकडचे वऱ्हाड निजामाला मिळाले. गाविलगड व नरनाळा तेवढे भोसल्यांकडे राहिले. आपण हानी मोजतो ती या प्रांतांवरून. मला अधिक जड वाटतात ती दुसरी कलमे. शिंदे व इतर मराठे सरदारांची जूट सोडायची. निजाम किंवा पेशव्यांशी तंटा झाल्यास कंपनीचा निवाडा मानायचा. कंपनीशी युद्ध चालू असलेल्या युरोपीय राष्ट्रांचे लोक चाकरीस ठेवायचे नाहीत. मुलूख गेला तो गेलाच, पण शेजाऱ्याशी थेट बोलण्याचा हक्कही गेला.

तरीही सारे खापर कंपनीवर फोडता येत नाही. स्वराज्य ही मोगली व्यवस्थेविरुद्धची क्रांती होती. पुढे तिच्या वारसांनी चौथाईचा हक्क दूरवर नेला. बंगालवरच्या स्वाऱ्यांनंतर १७५१ च्या तहाने नागपूरकरांनी सालीना बारा लाखांची चौथाई मिळवली; १७९५ मध्ये खर्ड्याला निजाम नमला. ज्या सत्तेचा दावा कोणत्याच सीमेवर थांबत नाही, तिच्या पराभवाने शेजारी हळहळत नाहीत. निजाम १७९८ मध्येच तैनाती फौजेखाली गेला होता. घरातही फूट होती : १८०३ च्या युद्धात होळकर अलिप्त राहिले.

पहिल्या महायुद्धानंतर क्रांतिकारक रशियाचेही असेच झाले. जुनी कर्जे नाकारणाऱ्या आणि जगभर क्रांती पेरू पाहणाऱ्या त्या राज्याला १९१९ च्या पॅरिस परिषदेत जागा नव्हती. पण रशियाला दुसरा बहिष्कृत देश भेटला. १९२२ मध्ये रापालो येथे त्याने जर्मनीशी करार केला. नागपूरला असे रापालो मिळणे अशक्य होते, कारण शिंद्यांनाही कंपनीने तेरा दिवसांनी सुर्जी-अंजनगावच्या वेगळ्या तहात बांधले.

रघूजींनी १८१६ मध्ये मृत्यू येईपर्यंत तैनाती फौज स्वीकारली नाही. त्यांच्यामागे अप्पासाहेबांनी दोनच महिन्यांत, मे १८१६ मध्ये, ती पत्करली. पुढच्या वर्षी ५ नोव्हेंबरला खडकी, २६ नोव्हेंबरला सीताबर्डी, २१ डिसेंबरला महिदपूर. पेशवे, भोसले आणि होळकरांचे सैन्य सात आठवड्यांच्या आत एकाच शत्रूशी लढले, आणि प्रत्येक जण एकटा लढला. सीताबर्डीच्या पराभवाची मुळे मी म्हणूनच चौदा वर्षे आधीच्या देवगावात शोधतो.