पगार घेत पीएच.डी.! शेतीतल्या संशोधनासाठी पुण्यात कुठे, कसा मिळतो पैसा?

पुणे : एम.एस्सी. झालं की घरचे म्हणतात, ‘आता शिक्षण बास, नोकरी बघ.’ पण पीएच.डी. म्हणजे घरून पैसे घालायचे, असं नाही. परीक्षा पास झाली तर सरकारच दरमहा पैसे देतं.

किती मिळतात?
१ जानेवारी २०२३ पासून जेआरएफला पहिली २ वर्षे महिना ३७,००० रुपये. नंतर एसआरएफ झाल्यावर ४२,०००. ५ वर्षांचा हिशेब होतो २४ लाख. घरभाडे भत्ता वेगळा.

परीक्षा कोणती?
- लाइफ सायन्स, रसायनशास्त्र : सीएसआयआर-यूजीसी नेट
- बायोटेक : डीबीटीची ‘बेट’
- कृषी विद्यापीठातली पीएच.डी. : आयसीएआरची एआयसीई जेआरएफ/एसआरएफ

एएसआरबी नेट वेगळी. तिच्यातून सहायक प्राध्यापकाची पात्रता मिळते, फेलोशिप नाही. इथे बरीच मुलं गोंधळतात.

पुण्यात कुठे?
- आघारकर संशोधन संस्था : सोयाबीन, गव्हाचे ‘एमएसीएस’ वाण इथलेच. संस्थेचं शेत बारामती तालुक्यातल्या होळला आहे.
- राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा (एनसीएल), पाषाण : रसायनशास्त्र, जैवतंत्रज्ञान.
- कृषी महाविद्यालय, शिवाजीनगर : १९०७ पासूनचं, राहुरी कृषी विद्यापीठाशी जोडलेलं.

जेआरएफ हुकलं तर?
तरी वाट बंद होत नाही. पुण्यातली ‘सारथी’ मराठा, कुणबी, मराठा-कुणबी आणि कुणबी-मराठा विद्यार्थ्यांना, तर ‘बार्टी’ अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना फेलोशिप देते. ओबीसी, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी नागपूरची ‘महाज्योती’ आहे. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी केंद्राची राष्ट्रीय फेलोशिप आहे.

मात्र क्रम लक्षात ठेवा : आधी पीएच.डी.चा प्रवेश आणि नोंदणी, मग या संस्थांकडे अर्ज. जागा ठरलेल्या असतात, जाहिरात आली की मुदत थोडीच असते. म्हणून जात प्रमाणपत्र, नॉन-क्रिमिलेअर, गुणपत्रिका आणि आधार जोडलेलं बँक खातं आधीच तयार ठेवा.

मार्क किती लागतात?
यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार पदव्युत्तरला ५५ टक्के. आरक्षित प्रवर्गांना ५ टक्के सूट. पीएच.डी.ला किमान ३ आणि साधारण ६ वर्षांपर्यंत मुदत मिळते.

‘फेलोशिप मंजूर करून देतो’ म्हणत कुणी पैसे मागितले, तर देऊ नका. अर्ज संस्थेच्या अधिकृत संकेतस्थळावरच भरा.