मॅग्नेट शाळा

३. मॅग्नेट म्हणजे लोहचुंबक. विज्ञान, संगीत, नाट्य असा एखादा खास विषय ठेवून वस्तीच्या हद्दीपलीकडची मुले ओढून घेणारी अमेरिकेतील सरकारी शाळा. सर्वोच्च न्यायालयाच्या १९५४च्या ब्राउन निकालाने शाळांतील वर्णविभागणी घटनाबाह्य ठरली. पण गोऱ्या-काळ्यांच्या वस्त्याच वेगळ्या, त्यामुळे शाळाही वेगळ्याच राहिल्या. मुलांना सक्तीने बसने दूरच्या शाळेत धाडण्याचा उपाय झाला, तेव्हा १९७४ साली बॉस्टनमध्ये काळ्या मुलांच्या बसवर दगड पडले. सक्तीऐवजी पालकांनी आपणहून यावे, ही मॅग्नेट शाळेची कल्पना. तिच्यासाठी १९८४च्या कायद्याने केंद्र सरकारचे स्वतंत्र अनुदान सुरू झाले. त्याच न्यायालयाच्या २००७च्या सिअ‍ॅटल निकालानंतर एकेका मुलाचा वर्ण पाहून प्रवेश देण्यास मोठा अटकाव आला. मग सोडत, वस्ती, घरची मिळकत यांवर भर वाढला. – संपा.