वडिलार्जित रान आणि त्याच्या पोटातले धन



"बापाचे रान माझे, तर रानातला मुरूमही माझाच," असे आपण सहज बोलून जातो. कायद्याचे म्हणणे मात्र निराळे आहे. खाण ही राज्याची मिळकत, हा विचार कौटिल्याच्या अर्थशास्त्राइतका जुना आहे.

आपला बीड जिल्हा काळ्या पाषाणाचा. बालाघाटचा डोंगर कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा बनलेला. त्याचा दगड, मुरूम आणि गोदाकाठची वाळू हेच आपले खनिज. दप्तरात त्याला 'गौण खनिज' म्हणतात. नाव गौण, पण त्यावाचून ना रस्ता होतो, ना घर.

सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. १९४९ साली जहागिरी गेल्या, पुढे १९५४ च्या कायद्याने इनामांची पाळी आली. त्याच सुमारास खासरा पाहणी झाली. जुन्या हक्काचा वाद निघाला की आजही तो खासरा शोधावा लागतो. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. मग १९६६ चा जमीन महसूल अधिनियम १५ ऑगस्ट १९६७ पासून लागू झाला. त्याच्या ४८ व्या कलमाने जमिनीवरचे आणि जमिनीखालचे खनिज राज्य सरकारचे ठरले.

मग वारसाला मिळते काय? रान मिळते, पीक मिळते. खनिज काढताना रानाचे नुकसान झाले, तर भरपाई मागण्याचा हक्कही त्याच कलमात आहे. पण परवानगीवाचून मुरूम विकला, तर दंड होतो. शिवाय वरची माती एकदा गेली, की नातवाच्या वाट्याला खड्डाच येतो.

वडील वारल्यावर घराला तीन वाटा असतात. वारसनोंद करून रान सामाईक ठेवावे, रीतसर वाटणी करावी, किंवा हक्कसोडपत्र करावे. हक्क सोडायचा तर पत्र नोंदलेलेच हवे. तोंडी बोलण्याला किंमत नाही. आणि इथेच लेकीबाळींचा प्रश्न येतो. हिंदू एकत्र कुटुंबात २००५ च्या दुरुस्तीने मुलगी जन्मानेच मुलाइतकी वाटेकरी झाली. त्या वेळी वडील हयात असलेच पाहिजेत असे नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सांगितले. बहिणीने हक्क सोडला तर तो तिचा मोठेपणा. पण न वाचता घेतलेला अंगठा हा मोठेपणा नव्हे. माहेर तुटेल या भीतीने केलेली सहीही तशीच.

गुरुजी, वरच्या वर्गातल्या पोरांकडून एकदा घरचा सातबारा वाचून घ्या. त्यात कोणाकोणाची नावे आहेत, आणि कोणाचे नाव असायला हवे होते, हे ती घरी जाऊन विचारतील. भांडण कचेरीत जाण्याआधी असा प्रश्न घरात निघालेला बरा.