वाऱ्याची शीळ : सेवाग्रामच्या पायवाटेपासून समृद्धी महामार्गापर्यंत

१/ वर्ध्याहून शिर्डीकडे निघालेली मोटार येळाकेळीपाशी समृद्धी महामार्गाला लागते. वेग शंभरापुढे जातो आणि समोरच्या काचेच्या कडेतून बारीक शीळ ऐकू येऊ लागते. गावातल्या रस्त्यावर हीच मोटार निमूट असते. मग ही शीळ येते कोठून? आणि आपल्या आजोबांना त्यांच्या मोटारीत ती का जाणवत नसे? उत्तर शंभर वर्षांहून जुन्या इतिहासात आहे. #धागा

२/ आरंभीच्या बहुतेक मोटारींना समोर काच नसे. चालक डोळ्यांवर जाड चष्मा चढवून बसे. पुढे काच आली ती वारा आणि धूळ अडवण्यासाठी. परंतु ती साधी होती. अपघातात तिचेच सुरे होत. १९०३ मध्ये फ्रान्सच्या एदुआर बेनेदिक्तुस यांच्या हातून काचेची एक कुपी पडली. ती तडकली, पण विखुरली नाही. आत वाळलेल्या सेल्युलोज नायट्रेटच्या पापुद्र्याने तुकडे धरून ठेवले होते.

३/ १९०९ मध्ये त्यांनी या शोधाचे पेटंट घेतले. दोन काचांमध्ये चिवट पापुद्रा, अशी ही रचना. हेन्री फोर्ड यांच्या कारखान्यातून १९२७ च्या अखेरीस आलेल्या ‘मॉडेल ए’ मोटारीला समोर अशीच सुरक्षित काच होती. याच फोर्डना गांधीजींनी जुलै १९४१ मध्ये सेवाग्रामहून पत्र लिहिले, आणि पुढे त्यांच्या स्वाक्षरीचा चरखाही अमेरिकेला गेला.

४/ त्या सेवाग्रामचे तेव्हाचे नाव शेगाव. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी वर्ध्याहून तेथे पायी गेले. पायी चालणाऱ्याच्या कानाला वाऱ्याचा उपद्रव तो किती! वाऱ्याचा आवाज ही वेगाबरोबर आलेली गोष्ट आहे, आणि हा वेग आपल्या जिल्ह्यात फार उशिरा आला.

५/ मधल्या काळात रस्त्यावर राज्य होते ॲम्बॅसिडर आणि प्रीमियर पद्मिनीचे. त्यांची समोरची काच जाड रबराच्या बीडिंगमध्ये बसवलेली असे. उन्हाने रबर कडक होई, भेगाळे, फटी पडत. परंतु वातानुकूलन नसल्याने खिडक्या उघड्या, पुढची त्रिकोणी काच वाऱ्याकडे वळवलेली, आणि इंजिनाची घरघर अखंड. या गलबल्यात काचेची शीळ ऐकायची कोणी?

६/ शिळेचे शास्त्र मात्र मोटारीहूनही जुने. १८७८ मध्ये चेक शास्त्रज्ञ विन्सेन्त्स स्ट्रोउहाल यांनी ताणलेल्या तारा हवेतून फिरवून दाखवले, की सुराची पट्टी वाऱ्याचा वेग आणि तारेची जाडी यांवर ठरते. पाच मिलिमीटर जाडीच्या ॲन्टेनावरून ताशी १२० किलोमीटरचा वारा वाहिला, की सेकंदाला सुमारे १,३०० कंपनांचा सूर निघतो. अनेक ॲन्टेनांवर नागमोडी वेटोळे असते ते हा सूर मोडण्यासाठीच.

७/ सूर किती मोठा, याचे उत्तर १९५० च्या दशकात मिळाले. जेम्स लाइटहिल यांनी १९५२ मध्ये वाहत्या हवेच्या आवाजाचा सिद्धान्त मांडला. १९५५ मध्ये कर्ल यांनी तो घन पृष्ठभागांना लावला : असा आवाज वेगाच्या सहाव्या घाताने वाढतो. म्हणजे ६० चा वेग १२० झाला की ध्वनिऊर्जा दुप्पट नव्हे, सुमारे ६४ पट. १८ डेसिबलची वाढ.

८/ आता ११ डिसेंबर २०२२ या तारखेचे महत्त्व ध्यानात येईल. त्या दिवशी नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा समृद्धी महामार्ग खुला झाला. वर्धा जिल्ह्यातून जाणाऱ्या या रस्त्यावर मोटारींची वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर. खिडक्या बंद, इंजिन शांत, रस्ता गुळगुळीत. जी फट वर्षानुवर्षे मुकी होती, तिला वाचा फुटली.

९/ येथे एक बदल लक्षात घ्यावा. आजच्या मोटारींत समोरची काच सहसा पॉलियुरेथेनच्या गोंदाने थेट सांगाड्याला चिकटवलेली असते. ती छताला आधार देते. १ एप्रिल २०२१ पासून नव्या मॉडेलांत चालकाशेजारीही एअरबॅग सक्तीची झाली. अनेक मोटारींत ती फुगताना याच काचेवर टेकते. कधीकाळी केवळ वारा अडवणारी काच आता जीव राखते. म्हणून तिच्या कडेची शीळ हलक्याने घेऊ नये.

१०/ निदान कसे करावे? काचेच्या दोन्ही खांबांवरून वळणारा वारा सर्वच मोटारींत घोंघावतो. तो दोष नव्हे. नव्याने सुरू झालेली, एकाच जागेहून येणारी शीळ मात्र संशयास्पद. काचेची कड, वायपरखालची प्लास्टिकची पट्टी, आरशाचे बूड, छतावरचे कॅरिअर यांचे सांधे मास्किंग टेपने झाका. शीळ थांबली, तर एकेक टेप काढत पुन्हा फेरी मारा. जी काढताच शीळ परतते, तेथेच दोष. ऐकण्याचे काम शेजारी बसलेल्याने करावे, चालकाने नव्हे.

११/ दोष काचेच्या कडेशी असल्यास खिडक्या मिटून पंखा बाहेरची हवा घेत पूर्ण वेगाने चालवा आणि बाहेरून कडेला साबणाचे पाणी लावा. बुडबुडे आले तर गोंद सुटलेला आहे. दाराचे रबर तपासायचे तर दारात कागद धरून दार लावा; कागद अलगद निसटला तर रबर बसलेले आहे.

१२/ सैल पट्टी किंवा चपटलेले रबर बदलणे सोपे. गोंद सुटला असेल तर वरून सिलिकॉन फासून घेऊ नका. सिलिकॉनवर पॉलियुरेथेन धरत नाही, आणि व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन पत्र्याला गंज आणते. काच काढून, पत्र्याचा गंज घासून, प्रायमर लावून ती पुन्हा बसवणे हाच उपाय. गोंद वाळण्यास उत्पादकाने सांगितलेला अवधी द्या. तोवर महामार्ग वर्ज्य.

१३/ जुन्या गाड्यांतही फटी होत्या, पण त्या झाकायला गोंगाट होता आणि वेग कमी होता. आज वेग वाढला आणि गोंगाट सरला. शीळ ऐकू आली तर रेडिओ मोठा करू नका. गाडी तपासून घ्या.

आपल्या घरच्या जुन्या ॲम्बॅसिडर-पद्मिनीच्या त्रिकोणी काचेच्या आठवणी असतील, तर खाली अवश्य लिहा.